‘दुपार’, लिहिली होती तशी

आधीच सांगून ठेवतो, यातलं मला किती नीट आठवतंय याची मला शंका आहे. किस्सा दोन-चारदा सांगितला, की तो घडला होता कसा यापेक्षा सांगितला होता कसा तेच जास्त आठवतं. मग मूळ प्रसंगाची साक्ष द्यायला बायको तेवढी उरते. मी पाहुण्यांसमोर रंगात आलो, की आमची कुमुद आतून ओरडते, “तेव्हा पाऊस नव्हता!” आता हा पाऊस मी कधी घातला, ते मला खरंच सांगता येणार नाही. एरवी असे किस्से अंगावर धूळ साठावी तसे साठत जातात. आपल्याला काही करावं लागत नाही, फक्त एका जागी बरीच वर्षं बसावं लागतं.

माझी जागा म्हणजे नांदेडमधल्या एका शाळेचा वर्ग. रविवारी सकाळी तिथे आम्ही पाच-सात जण गाणं-वाजवणं ऐकायला जमायचो. त्याला आम्ही ‘मंडळ’ म्हणायचो. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेलो. पीएच.डी. नळीतल्या हवेच्या कंपनांवर. म्हणजे बासरी का वाजते, हे मी फळ्यावर तीन पद्धतींनी सिद्ध करून दाखवू शकतो. वाजवू मात्र शकत नाही. मी फुंकलं की नुसती फुंकर ऐकू येते.

मंडळात खरा वाजवणारा एकच, युसूफभाई. बाकी आम्ही सगळे मतं देणारे. किस्से साठायला हे प्रमाण अगदी योग्य असतं.

*

निवृत्तीनंतर मी बासरीसाठी एक रचना केली. आयुष्यातली एकुलती एक. नुसती बासरी, तबला नाही, तंबोरा नाही. साडेतीन मिनिटं, सोळा ओळी. नाव ‘दुपार’. आमच्याकडची वैशाखातली दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही ती. घरच्या पेटीवर बोटं फिरवत फिरवत मी ती चौकटीच्या वहीत उतरवली. आधी पेन्सिलने, मग धीर करून शाईने.

वही घेऊन इतवाऱ्यात युसूफभाईंच्या दुकानात गेलो. युसूफभाई शिंपी. वडील शिंपी, आजोबा शिंपी. बासरी मात्र यांनी हैदराबादला कुण्या उस्तादांकडे जाऊन-येऊन शिकलेली, स्वरलिपीही वाचता यायची. त्यांनी गळ्यातला टेप काढला, वही इस्त्रीच्या टेबलावर उघडी ठेवली आणि बासरी ओठाला लावली. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीच्या मध्यावर थांबले, बासरी खाली ठेवली, तांब्यातून पाणी प्याले.

“सर, ही चीज तुम्ही पेटीवर बसून बनवली का?”

“हो! कसं ओळखलंत?”

“पेटीला भाता राहतो. माणसाला न्हाई राहत.”

मी श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती! ज्याने नळीतल्या हवेवर पीएच.डी. केली, तो ती हवा कुणाच्या तरी छातीतून येते हे विसरला होता.

ओशाळून मी म्हणालो, “मग तुम्हीच बघा कुठे घ्यायचा ते.”

हे वाक्य मी बोलायला नको होतं. श्वास घ्यायच्या निमित्ताने युसूफभाई माझ्या रचनेत शिरले, ते पुन्हा बाहेर आलेच नाहीत.

*

मंडळाच्या सतरंज्या, चहा आणि अध्यक्षपद वट्टमवारांकडे. वट्टमवारांचं कापडाचं मोठं दुकान. मूळ बिलोलीकडचे. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि गाण्याला दाद देताना हिंदी.

‘दुपार’ मंडळात पहिल्यांदा वाजली, तेव्हा ते “बहोत खूब!” म्हणाले आणि माझ्याकडे वळले.

“राग कोणता, सर?”

“राग असा काही नाही.”

“मग सिनेमातलं आहे?”

“नाही. मी केलेली आहे.”

“हां हां, ते कळलं. पण राग कोणता?”

त्यांच्या नव्या शोरूमचं उद्घाटन होतं. तिथे युसूफभाईंनी ‘दुपार’ वाजवावी असं ठरलं. आदल्या दिवशी वट्टमवारांचा फोन. “सर, तेवढं नाव बदला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतंय. अपशकुन वाटतो. ‘सकाळ’ म्हणू या.”

मी ठाम नकार दिला. म्हणजे मनात दिला. तोंडाने “बघू” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी निवेदिकेने माईक घेतला. “आता ऐकू या, आपल्या नांदेडच्या सरांची प्रसन्न रचना, ‘सकाळ’!” युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं, आणि सकाळ झाली.

कार्यक्रमानंतर एका निवृत्त तहसीलदारांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे पाणावले होते. “सर, पानांवरचं दव दिसलं हो! शेवटाला तर कोंबडा आरवला!”

शेवटची ओळ म्हणजे उन्हाने तापलेल्या पत्र्याचा आवाज होता. निदान मी लिहिताना तरी होता.

घरी येऊन मी कुमुदला विचारलं, “तुला काय दिसलं?”

“मला? मला साड्या दिसल्या. तुम्ही घाई केली म्हणून हातात घेऊन बघता आल्या नाहीत.”

*

तो कोंबडा माझ्या डोक्यातून जाईना. दुपारची सकाळ झाली तर चूक ऐकणाऱ्याची कशी? लिहिणाऱ्याचीच. माझा हेतू कागदावर पुरेसा उतरला नव्हता. म्हणून मी रचनेला टिपा जोडल्या. अकरा.

टीप एक : ऊन वाढत चालले आहे. टीप चार : किंचित उदास, पण तक्रार नको. टीप सात : येथे थांबावे, मात्र थांबल्यासारखे वाटू नये. टीप नऊ : येथे वाजवणाऱ्याने स्वतःचे काही घालू नये.

कुमुदने वही पाहिली आणि म्हणाली, “गाण्यापेक्षा सूचना जास्त. मिक्सरसोबत येतं तसलं पुस्तक झालंय.”

युसूफभाईंनी टिपा सावकाश वाचल्या. मग विचारलं, “सर, ही नऊ नंबरची टीप कुणासाठी हाय?”

“तशी सगळ्यांसाठीच.”

“हाव. आणि सगळे मिळून वाजवणारे किती हायेत?”

मी मोजायचा प्रयत्न केला. एक होत होता.

म्हणून मी दुसरा शोधला. दुसरी, खरं तर. पल्लवी, देगलूरची मुलगी, नांदेडला इंजिनीअरिंगला. बासरी नीट शिकलेली, आणि मुख्य म्हणजे शिस्तीची. मी वहीची झेरॉक्स दिली, तेव्हा तिने टिपा वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी अधोरेखित केल्या. मला फार बरं वाटलं. मग तिचे फोन सुरू झाले.

“सर, टीप चार. किंचित उदास. किंचित म्हणजे किती?”

“किंचित म्हणजे... थोडंसं.”

“दहापैकी?”

मी दोन दिवस विचार केला आणि ‘तीन’ कळवलं.

पुढचा फोन. “सर, पाचवी ओळसुद्धा उदास वाटते. पण तिला टीप नाही. ती मुद्दाम उदास आहे, की चुकून झालीय?”

प्रश्न चांगला होता. इतका चांगला, की मी “हॅलो, हॅलो, आवाज येत नाही” म्हणून फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःच घरी आली, झेरॉक्स परत घेऊन. “सर, राग मानू नका. पण तुम्हालाच नक्की माहीत नसेल, तर मी फॉलो काय करू?”

एक ओळही न वाजवता ती गेली. पुढे कळलं, ती गिटारकडे वळली. गिटार वाजवताना श्वासाची अडचण नाही आणि बहुधा कंपोझरला फोनही करावे लागत नसावेत.

*

डॉक्टर बिरादार लातूरचे दंतवैद्य. मूळ गाव निलंगा. लातूरला ते दरवर्षी एक संगीताचा कार्यक्रम करायचे आणि प्रत्येक रचनेआधी तिचा अर्थ सांगायचे. लातूर हे क्लासेसचं गाव. तिथे प्रत्येक प्रश्नाला आदर्श उत्तर असतं, तेव्हा बासरीलाही असायला हवं असं डॉक्टरांचं मत असावं.

त्यांनी ‘दुपार’ची वही मागवून घेतली आणि मला फोन केला. आवाज थरथरत होता. “सर, या रचनेत मध्यम नाही! सोळा ओळींत एकदाही ‘म’ नाही! हा हेतुपुरस्सर त्याग आहे ना?”

आता खरं सांगायचं तर असं, की माझ्या पेटीतली मध्यमाची पट्टी खराब झाली होती. दाबली की नुसतं फस्स व्हायचं. पेटी दुरुस्तीला न्यायची आज-उद्या करत राहून गेली, आणि ‘म’ वगळून जे जमलं ती ‘दुपार’. एवढंच! पण समोरचा माणूस त्याग म्हणत असताना फस्स कसं म्हणायचं? मी म्हणालो, “तसं म्हणता येईल.”

झालं. लातूरच्या हॉलमध्ये डॉक्टर वीस मिनिटं बोलले. “मध्यम म्हणजे मधला स्वर. मधला म्हणजे तडजोडीचा. सरांनी सप्तकातली तडजोडच काढून टाकली!” टाळ्या. मी पहिल्या रांगेत घाम पुसत होतो. आयुष्यभर तडजोडीशिवाय मी दुसरं काही केलं नव्हतं.

मग युसूफभाईंनी बासरी उचलली. बासरीवर शुद्ध मध्यम वाजवायचा तर वरचं छिद्र अर्धंच उघडावं लागतं. बोट केसभर हललं की सूर गेला. त्यामुळे ज्याला तो चांगला साधतो, त्याला तो मिरवावासा वाटतो. युसूफभाईंना फार चांगला साधायचा. दुसऱ्याच ओळीत त्यांनी मध्यम लावला! लांब, सावकाश, उशीला टेकल्यासारखा.

शेजारी येऊन बसलेल्या बिरादारांकडे मी हळूच पाहिलं. डोळे मिटलेले, मान डोलत होती. माझ्या कानाशी झुकून ते म्हणाले, “बघा, बघा! कसा टाळला!”

परतीच्या बसमध्ये मी युसूफभाईंना विचारलं, “मध्यम का घातलात? वहीत नाही.”

“दुपार हाय ना सर? दुपारी माणूस घडीभर आडवा होतो. तुम्ही त्याला सोळा ओळी उभाच ठेवला. मी जरा आडवं होऊ दिलं.”

लोह्याला बस थांबली, युसूफभाईंनी चहा आणला, आणि विषय तिथेच राहून गेला.

*

एका सकाळी कुमुद भाकरी थापताना काहीतरी गुणगुणत होती. मी पेपर खाली ठेवला. ती ‘दुपार’ होती! चाळीस वर्षांच्या संसारात हिने माझं काही पहिल्यांदाच गुणगुणलं. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं. “तू तिथे मध्यम लावतेस.”

“मला काय करायचाय मध्यम-बिध्यम? युसूफभाई वाजवतात तसं म्हणतेय.”

“पण मी तसं लिहिलेलं नाही.”

“मग आता लिहा!”

ती सहज बोलली आणि भाकरी तव्यावर टाकली. माझं मात्र जेवण गेलं. लोक ‘दुपार’ला दाद देतात, रस्त्यात थांबवून हात मिळवतात, ते नेमकं कशाला? युसूफभाईंना त्यातून वजा केलं तर खाली काय उरतं? प्रयोगशाळेत मी पोरांना जन्मभर सांगत आलो, की दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या तर परिणाम कशाचा हे कळत नाही. आणि इथे माझी स्वतःची रचना, मी लिहिली तशी, मी एकदाही ऐकलेली नव्हती. मरायच्या आधी एकदा ऐकायची होती. चांगली निघाली तर माझी. वाईट निघाली तर तेही माझंच. पण नक्की तरी कळलं असतं.

*

मी तसाच इतवाऱ्यात गेलो. युसूफभाई कापड बेतत होते. मी शर्टाचं कापड सोबत नेलं होतं, काहीतरी निमित्त हवं म्हणून.

“युसूफभाई, एकदा तरी ‘दुपार’ मी लिहिलीय तशी वाजवा.”

“तशीच वाजवून राहिलो ना सर.”

“नाही! मी सोळा ओळी लिहिल्यात, तुम्ही वीस वाजवता. मी ‘थांबू नका’ लिहिलंय तिथे तुम्ही थांबता!” माझा आवाज चढला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी वर्गातसुद्धा कधी आवाज चढवला नव्हता.

युसूफभाईंनी कात्री खाली ठेवली. “शर्टाचं माप लिहून देता का? का मी घेऊ?”

रागाच्या भरात मी म्हणालो, “मीच देतो. आणि दिलंय तसंच शिवा!” टेप मागून घेतला, आरशासमोर उभा राहून छाती, खांदा, बाही, सगळं स्वतः मोजलं आणि अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत लिहून दिलं.

आठ दिवसांनी शर्ट तयार. घातला. बटणं लागली. हात मात्र खांद्याच्या वर जाईना. श्वास आत घेतला तर पाठीत शिवण करकरली. “युसूफभाई, हे काय?”

“तुमचं माप हाय सर. चिठ्ठीतलं. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई.” मग त्यांनी दुसरा एक शर्ट उलटा करून शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड मला दाखवलं. “याला आम्ही माया म्हणतो. गिऱ्हाईक ही कधी लिहून देत न्हाई. पण आम्ही सोडली न्हाई, तर माणूस जेवायला बसल्यावर शर्ट उसवतो.”

त्या शर्टात मला नीट वादही घालता येत नव्हता. तरी मी घातला. “कपडा वेगळा, संगीत वेगळं, युसूफभाई. वाईट वाटलं तर वाटू द्या. मला एकदा ऐकायचीय.”

त्यांनी तो दुसरा शर्ट पुन्हा सुलटा करून घडी घातला. मग म्हणाले, “ठीक हाय. एक डाव वाजवतो. तुमच्या वहीत हाय तशी, अकरा टिपांसकट. जुबान दिली.”

“कधी?”

“ते नका विचारू. सांगून वाजवली तर तुम्ही वही उघडून पेन्सिल घेऊन बसाल. पेपर तपासाल. ऐकणार न्हाई.”

पुढे कित्येक रविवार मी मुद्दाम वही घरी ठेवून कान टवकारून बसलो. प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत मध्यम यायचा आणि मी खुर्चीत मागे टेकायचो. वर्ष-दोन वर्षं गेली. युसूफभाई विसरले, असं मी धरून चाललो. शब्दाची आठवण करून द्यायची मला लाज वाटली. उगीच शर्टाचा विषय निघाला असता.

*

लातूरला बिरादारांचा कार्यक्रम होता, युसूफभाईंचा लातूरमधला शेवटचा. त्यानंतर ते हैदराबादला मुलीकडे राहायला जाणार होते. त्या दिवशी तरी आपण वेळेवर निघायला हवं होतं. पण कोपऱ्यावर गेल्यावर मला वाटलं, कुलूप नीट लागलं नाही. परत गेलो. लागलं होतं. पुन्हा कोपऱ्यावर आलो, तर गॅस. कुमुद म्हणाली, “गॅस मी बंद केलाय. आता सिलिंडरच सोबत घेऊ या का?” तेवढ्यात आमची बस गेली.

आम्ही हॉलमध्ये शिरलो, तेव्हा युसूफभाईंचं वाजवणं सुरू झालेलं होतं. निवेदन आमचं हुकलं. बिरादारांनी हाताने खूण करून मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि कुरकुरले, “आज युसूफभाई मला अर्थ सांगूच देत नाहीत!” कुमुद मागच्या रांगेत बसली.

काहीतरी नवीन चाललं होतं. सूर स्वच्छ, लय नेमकी, पण अंगात कुठेतरी आखडल्यासारखं. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. मध्येच एक थांबा यायचा आणि तो थांबाही घाईत असल्यासारखा. युसूफभाईंच्या कपाळावर घाम आलेला मला शेवटच्या रांगांतूनही दिसला असता. मी अस्वस्थ झालो. एवढा मोठा वाजवणारा, जाता जाता हे कुणाचं घेऊन बसला?

मी बिरादारांच्या कानात म्हणालो, “रचना मास्तरी आहे हो.”

“अगदी!” डॉक्टर कुजबुजले. “आणि एक पाहिलंत का? यात मध्यमच नाही! जीव कुठून येणार?”

मीही मान हलवली.

बेताच्या टाळ्या पडल्या. युसूफभाई पाणी प्याले, त्यांनी दुसरी रचना सुरू केली, आणि पहिल्याच सुराला मी ताठ बसलो. ही माझी! ‘दुपार’! दुसऱ्या ओळीत मध्यम आला तसा अख्खा हॉल सैलावला. इतकी सुंदर ती पूर्वी कधी वाजली नव्हती. मी नाक पुसत होतो. मागून कुमुदने खांद्यावर हात ठेवला. टाळ्या थांबेनात.

नंतर मी पडद्यामागे गेलो. युसूफभाई बासऱ्या एकेक करून फडक्यात गुंडाळत होते.

“या सर. पहिली कशी वाटली?”

मी खुशीत होतो. खुशीत मी जरा जास्त खरं बोलतो. “तुम्ही वाजवलीत उत्तम. पण रचना काही खास नाही. सगळं मोजून-मापून. ज्याने केलीय, त्याचा वाजवणाऱ्यावर काडीचा विश्वास नाही. श्वाससुद्धा त्याला विचारून घ्यायचा!”

युसूफभाईंचे हात थांबले. मग ते इतके हसले, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

“मी बी हेच म्हणून राहिलो सर! किती वर्षं झाली!”

“कुणाला?”

“त्यालाच!”

“मग? ऐकतो का तो?”

“आज ऐकलं,” युसूफभाई म्हणाले. तेवढ्यात बिरादार चहा घेऊन आले, फोटोवाला आला, माणसं जमली, आणि त्या कंपोझरचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

पाच-सहा वर्षांनी बिरादारांच्या मुलाने त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर पाठवलं. मला दुसरी रचना ऐकायची होती, पण सुरुवात पहिलीपासून झाली. कुमुदने एकदम हात वर करून मला गप्प केलं, आत गेली आणि चौकटीची वही घेऊन आली. आम्ही ती पहिली रचना थांबवत थांबवत चार वेळा लावली. मी ऐकत होतो, ती पेन्सिलने खुणा करत होती. सोळाच्या सोळा ओळी बरोबर होत्या आणि अकराच्या अकरा टिपा पाळलेल्या होत्या.